कॅरम हा खेळ नाही, असं अक्का म्हणाली

वरून एक पत्र आलं आणि आमच्या ऑफिसातली शहाणीसुरती माणसं महिनाभर एकमेकांवर तुटून पडली. ऑफिस केंद्र सरकारचं, चेन्नईतलं. कुठलं ते सांगत नाही. पत्रात म्हटलं होतं की क्रीडा यादी फार लांबली आहे, तेव्हा प्रत्येक कार्यालयाने आपल्याकडचे खरे खेळ कोणते आणि नुसती करमणूक कोणती, हे ठरवून कळवावं. खरा खेळ कशाला म्हणायचं, हे मात्र पत्रात कुठेच नव्हतं. लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसणार, नाहीतर त्याने ते आमच्यावर कशाला ढकललं असतं?

मग काय, कँटीनमध्ये जो तो पंडित. ज्यात घाम येतो तो खेळ, असं एकाने ठरवलं. त्यावर दुसरा म्हणाला, मे महिन्यात इथे फाइल उघडली तरी घाम येतो. ज्यात चेंडू असतो तो खेळ, असं व्हॉलीबॉलवाल्यांचं म्हणणं. मग पोहणं? मग धावणं? बुद्धिबळाविषयी मात्र सगळे गप्प. तेही बसूनच खेळतात, पण चेन्नईत बुद्धिबळाला खेळ नाही म्हणायची कोणाची छाती आहे? आमच्या टपाल विभागात चेन्नईजवळच्या कोवलमचा एक जण होता, मासे धरणाऱ्या घरातला. तो एक दिवस सांबारात वडा बुडवता बुडवता म्हणाला, "माझा बाप जन्मभर त्या लाटांवर होडी घालतोय, त्याला कोणी खेळाडू म्हटलं नाही. आता शहरातली पोरं फळी घेऊन येतात, त्याच लाटांवर दोनदा उभी राहतात, पाचदा पडतात, आणि त्याला स्पोर्ट म्हणतात." सगळे हसले. मीही हसले, पण वरवर.

कारण माझं सगळं त्या यादीला टांगलेलं होतं. आमच्या ऑफिसात महिलांच्या एका संघाला, एकाच, बदलीतून सूट मिळायची. तो संघ कॅरमचा होता, कारण कप आणत होतो आम्ही. संघ म्हणजे दोघीच, मी आणि अक्का. अक्काची निवृत्ती वर्षावर आलेली, त्यामुळे तिला तसंही कोणी हलवणार नव्हतं. माझी पाळी मात्र केव्हाच उलटून गेली होती. कॅरम होता म्हणून मी क्रोमपेटच्या घरात होते, आणि माझी एकुलती एक मुलगी त्या जूनमध्ये बारावीला जाणार होती. नवरा इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात, गाड्यांचे सुटे भाग करतात तिथे. शिफ्ट फिरती, कंपनीची बस कधी पहाटे, कधी भर दुपारी. मी गेले असते तर पोरीला ऐन बारावीत कुलूप उघडून रिकाम्या घरात यावं लागलं असतं. कॅरम खेळ ठरू दे, एवढंच मी त्या वर्षी देवाकडे मागत होते. असलं मागणं त्याने पहिल्यांदाच ऐकलं असेल.

अक्का ही माझी नात्यातली कोणी नव्हे. मिरजेहून बदली मागून मी इथे आले तेव्हा मला तमिळमधलं 'इल्लै', म्हणजे 'नाही', एवढं सोडून काही येत नव्हतं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत रिक्रिएशन हॉलमध्ये कॅरमचा बोर्ड दिसला, म्हणून बघत उभी राहिले. खेळणाऱ्या बाईंची राणी भोकाच्या तोंडाशी अडली आणि त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "मेली हलत कां नाहीं?" मी जवळजवळ ओरडलेच, "अय्या, तुम्ही मराठी?" तंजावरकडची मराठी घरं इकडे आहेत हे ऐकून होते, पण अशी समोर बसून राणीला शिव्या घालणारी भेटेल असं वाटलं नव्हतं. तिची मराठी पणजीच्या पेटीतून काढल्यासारखी, वर तमिळचा हेल. माझ्या मिरजेच्या बोलण्याला ती हसायची, तिच्या बोलण्याला मी. त्याच आठवड्यात तिने मला समोर बसवलं आणि पुढची अकरा वर्षं मी तिथेच बसले.

डबल्समध्ये जोडीदार समोरासमोर बसतात. डाव चालू असताना बोलायचं नाही, खूण करायची नाही. दोन डावांच्या मधे मात्र बोलायला बंदी नाही, आणि आमची भाषा त्या हॉलमध्ये दुसऱ्या कोणाला कळत नव्हती. प्रतिस्पर्धी बाया तिथेच पाणी पीत उभ्या, आणि आम्ही खुशाल मोठ्याने बोलायचो: ही अंगठ्याने मारायला घाबरते, तिच्यासाठी सोंगट्या मागे ठेव. पंच आमच्याकडे संशयाने बघायचे, पण करणार काय? चेन्नईत मला मराठी बोलायला माणूस मिळालं ते असं, आणि मग कॅरमपुरतं थोडंच राहणार होतं. सासूचं, नवऱ्याचं, पोरीच्या मार्कांचं, सगळं मी तिच्यापुढे ओतत गेले. तिची सून आमच्याच ऑफिसात खालच्या मजल्यावर लागली, तिला दिवस गेले, तेव्हा बांगड्या भरायला घरच्या बायकांबरोबर मला बोलावणं होतं. सून बॅडमिंटन खेळायची. बरी खेळायची.

आता पायाची गोष्ट सांगायला हवी. या सगळ्याच्या चार वर्षं आधी, नोव्हेंबरात, फायनलच्या आठ दिवस अगोदर मी स्टेशनच्या ओल्या जिन्यावरून घसरले आणि घोटा मोडला. गुडघ्यापर्यंत प्लास्टर. मी म्हटलं, संपलं. फायनलच्या सकाळी अक्का रिक्षा घेऊन दारात हजर, हातात स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल. "पाय यावर ठेव, हात तर धड अहेत ना," म्हणाली. पंचांनी नियमाचं पुस्तक दोनदा चाळलं आणि खांदे उडवून परवानगी दिली. कॅरममध्ये एकदा खुर्चीत बसलं की खुर्ची हलवायची नाही, बूड उचलायचं नाही. धडधाकट माणसाची तिथे कंबर धरते. माझा तर पाय स्टुलावर, ठणकत असलेला. ओल्या हवेने बोर्ड जड झालेला, वर टांगलेल्या दिव्याची धग डोक्यावर, आणि शेवटची सोंगटी नेमकी माझ्या मागच्या अंगाला. कमरेत वळता येत नव्हतं. दात खाऊन अंगठ्याने मारली आणि गेली. अक्का समोरून उठली, मला मिठी मारली आणि लहान मुलासारखी रडली. आयुष्यात मी काही फार मोठं केलेलं नाही. पण कोणी विचारलंच असतं, तू काय केलंस, तर मी ती दुपार सांगितली असती.

यादीचं पत्र आलं तेव्हा मला धीर होता तो अक्काचा. पाच जणांच्या क्रीडा समितीत महिलांची प्रतिनिधी तीच होती. तिनेच मला सांगितलं की संघाची कप्तान म्हणून तुलाही बैठकीत बोलावतील, तयारी कर. मग दोन आठवडे आम्ही दुपारी हॉलच्या बाकावर डबे उघडून बसायचो. ती म्हणायची, "ते काय काय विचारतील तें सगळें सांग. एकेकाला उत्तर काढूं." आणि मी शहाणी सांगत गेले. विरोधकांच्या बाजूने मी इतकी छान भांडले की माझं मलाच कौतुक वाटलं. ते म्हणतील पळावं लागत नाही. ते म्हणतील घरोघरी पोरंसोरं खेळतात. ते म्हणतील म्हातारी माणसं खेळतात. शेवटी एक दिवस मीच म्हटलं, "अक्का, एक भीती आहे. त्या फायनलचं कोणाला आठवलं तर? पाय मोडलेली बाई जिंकते, मग शरीराचा संबंध काय, असं म्हणतील." ती ताकभात कालवत होती. हात थांबला. "तें तूं काढूं नकोस," म्हणाली. "तें निघालं तर मी पाहतें."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी त्या प्रश्नाला उत्तर शोधलंच नाही. ते तिच्यावर सोपवलं आणि निर्धास्त झाले.

बैठक साहेबांच्या खोलीत होती. मी बरं बोलले, खोटं कशाला सांगू. रोजचा दोन तासांचा सराव सांगितला. खांदा कसा भरून येतो ते सांगितलं. स्ट्रायकर एका केसाने चुकला तर काय होतं ते साहेबांच्या टेबलावर पेपरवेट सरकवून दाखवलं. साहेब मान हलवत होते. मग क्रीडा सेक्रेटरी, जुने व्हॉलीबॉलवाले, दोन्ही गुडघे गेलेले, त्यांनी अगदी सौम्यपणे विचारलं, "सगळं खरं मॅडम, पण यात शरीर कुठे आहे?" मी अक्काकडे पाहिलं. ठरल्याप्रमाणे आता तिची पाळी होती.

अक्काने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. आणि साहेबांकडे बघून तमिळमध्ये बोलली. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाली, "सर, मी तीस वर्षं कॅरम खेळते आहे, म्हणून मीच सांगितलं पाहिजे. ही चार वर्षांपूर्वी पाय प्लास्टरमध्ये असताना फायनल जिंकली. स्टूल माझ्याच घरचं होतं. पाय मोडून व्हॉलीबॉल खेळता येईल? बॅडमिंटन येईल? आम्हाला कॅरम आवडतो, आम्ही तो खेळत राहूच. पण मनावर हात ठेवून सांगते, ती करमणूक आहे."

कोणीतरी हसलं. साहेब माझ्याकडे वळले. "हे खरं आहे? प्लास्टरमध्ये खेळलात तुम्ही?"

आता सुचतं. नेमबाज उभा राहून गोळी मारतो, त्याचा कुठे पाय पळतो, असं म्हणता आलं असतं. माझा पाय मोडला होता तेव्हा मला काय दुखलं ते या बाईला विचारा, असं म्हणता आलं असतं. त्या खोलीत मात्र खोटं बोलू का, एवढंच क्षणभर मनात आलं. पण ती दुपार नाकारायची म्हणजे माझ्याजवळ राहिलं काय? मी म्हटलं, "हो सर, खरं आहे." साहेबांनी लिहून घेतलं. बुद्धिबळ यादीत राहिलं, कॅरम गेला, आणि महिलांची सूट बॅडमिंटनच्या संघाकडे आली.

त्या क्षणापर्यंत, माझ्यावर विश्वास ठेवा, मला बॅडमिंटनचा विचारही शिवला नव्हता. जिना उतरताना डोक्यात उजेड पडला. सून. दीड वर्षाचं मूल. तिच्या बदलीची पाळीही याच वर्षी होती. हेही अक्कानेच कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं आणि मी 'बघू, होईल काहीतरी' म्हणून तिची समजूत काढली होती.

संध्याकाळी एळुंबूरच्या, म्हणजे एग्मोरच्या, फलाटावर ती माझ्याशेजारी येऊन उभी राहिली, रोजच्यासारखी. मी म्हटलं, "अकरा वर्षं तुमच्यासमोर बसले मी." रागात मी तिला अहो-जाहो करते हे तिला ठाऊक होतं.

"बाळ लहान अहे," ती म्हणाली. "दूध सुटलें नाहीं अजून. तिला गुवाहाटीस धाडलें असतें तर त्या बाळाचें काय? तुझी मोठी झाली. तिला कोणी भरवायला नको."

"मग मला सांगायचं होतंत! माझी बाजू घेऊ शकत नाही म्हणायचं होतंत. दोन आठवडे माझ्याकडून एकेक मुद्दा काढून घेतलात तुम्ही. उत्तरं काढू म्हणालात."

"सांगितलें असतें तर तूं बरी तयारी करून आली असतीस," ती म्हणाली. अगदी साधेपणाने, पुढचा डाव समजावल्यासारखी. "तूं चांगली बोलतेस. तूं जिंकली असतीस."

गाडी आली. मी चढले नाही. ती चढली, दारातून म्हणाली, "येत नाहींस?" मी तोंड फिरवलं. बदली काय, सरकार करतच असतं. त्याचा राग येऊन जातो. पण केसाने गळा कापला होता तो माझ्याच माणसाने, माझ्याच तोंडच्या शब्दांनी, आणि तेही मराठी सोडून तमिळमध्ये. मराठीत तिला ते म्हणता आलं नसतं, असं मला तेव्हा वाटलं. आता तेवढीही खात्री वाटत नाही.

महिन्याभरात ऑर्डर आली. गुवाहाटीच. सुनेसाठी जी जागा रिकामी होती तीच मला मिळाली.

घरी गेल्यावर सांगितलं तर नवरा आधी रेल्वेचं वेळापत्रक बघायला लागला. मुलगी म्हणाली, "आई, रागावू नको हां, पण अक्का म्हणाली ते राइटच आहे ना? कॅरम काय स्पोर्ट आहे?" ती इथेच वाढलेली, मराठीपेक्षा तमिळ तिला सोपी जाते, आणि अक्काच्या घरची डांगर पच्चडी, दह्यात कालवलेलं उडदाचं पीठ,  तिला माझ्या हातच्या कुठल्याही पदार्थापेक्षा प्रिय. मी तिच्यावर इतकी ओरडले की शेजारणीने दार उघडून पाहिलं. मग पोर रडली, मग मी रडले.

पुढच्या रविवारी अक्का आली. हातात डबा. दारातच उभी राहून म्हणाली की पोरीने शाळा सुटल्यावर आमच्याकडे यावं, तिथेच जेवावं, तिथेच अभ्यास करावा. बाप आला की घरी जाईल. दोन गल्ल्यांवर तर घर. "माझी रजा सांठली अहे, ती घेऊन घरींच राहीन. माझ्यामुळें झालें, मी करतें," म्हणाली. मी डबा घेतला नाही. "तुमचं काही नको," म्हटलं आणि दार लावलं. फार बरं वाटलं. दहा मिनिटं वाटलं.

मग मी शोधायला लागले. सासूबाईंना मिरजेहून आणावं तर त्यांना दोन जिने चढवत नाहीत. शाळेजवळचं वसतिगृह पाहिलं. एका खोलीत सहा मुली आणि खिडकी एक. डबेवाली ठरवली तर डबा मिळेल, पण संध्याकाळी चार वाजता घरात माणूस कुठून आणू? नवरा एकदाच बोलला, आणि तेही भीत भीत: "अक्काकडे काय वाईट आहे?" वाईट काही नव्हतं. माझ्या पोरीला त्या घरात कोणी उपाशी ठेवणार नव्हतं, कोणी वाकडं बोलणार नव्हतं, हे मला जितकं ठाऊक होतं तितकं जगात कोणाला नव्हतं.

निघायच्या चार दिवस आधी मीच तिच्या घरी गेले. काय बोलायचं ते रस्ताभर जुळवत होते: हे तात्पुरतं आहे, तुम्हाला माफ केलं असं समजू नका, वगैरे. तिने दार उघडलं आणि नुसतं "ये" म्हणाली. आत खिडकीशी एक टेबल लावलेलं होतं, त्यावर दिवा, शेजारी खुर्ची, आणि सून बाळाला कडेवर घेऊन टेबलावरची धूळ पुसत होती. मी येणार हे अक्काने धरूनच ठेवलं होतं. सुनेने माझ्याकडे बघायचं टाळलं. मी जुळवलेलं एकही वाक्य बोलले नाही. पोरीला तिखट चालत नाही, एवढंच सांगितलं, जसं काही अक्काला ते माहीत नव्हतं.

गुवाहाटीत अंधार लवकर पडतो. पाचला इथे दिवे लागतात तेव्हा चेन्नईत अजून लख्ख ऊन असतं आणि मुलगी नुकती शाळेतून आलेली असते. त्या वेळी मी फोन करते. बहुतेक वेळा अक्काच उचलते, कारण पोर हातपाय धूत असते किंवा खात असते. ती मला सगळं नीट सांगते, फिजिक्सच्या चाचणीत किती पडले, सर्दी कमी झाली की नाही, केसांना तेल लावलं. मी प्रत्येक वेळी "बरं झालं" म्हणते आणि प्रत्येक वेळी, मनापासून, थँक्यू म्हणते. मनापासूनच म्हणावं लागतं, कारण ती खरोखरच सगळं करते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो याहून वेगळा नसावा. या बाईवर राग धरायला मला जागाच उरलेली नाही, आणि राग तर तसूभरही कमी झालेला नाही.

परवाच्या शनिवारी तिने सगळं सांगून झाल्यावर फोन ठेवला नाही. मग म्हणाली, "रागावली अहेस का अजून?"

मागे ताटाचा आवाज येत होता. मुलगी जेवत होती आणि सुनेला काहीतरी सांगून हसत होती.

"नाही," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?